ग्लॉक १९ आहे, आता एकच कार्बाइन घ्यायचीये: रेंज, घर आणि रानडुक्कर, तिन्हीला कुठली चालेल?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे डॅलसजवळ राहतात, ग्रीन कार्ड झालंय, ग्लॉक १९ आधीपासून आहे आणि आता पिस्तुलाच्याच राऊंडवर (काडतुसावर) चालणारी एक कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, घ्यायचीये, बजेट हजार डॉलर. कामं तीन: वीकेंडला रेंजवर डबे आणि स्टीलवर मारायची मजा, रात्री घरात गरज पडली तर संरक्षण, आणि ओळखीतल्या एकाच्या रँचवर रानडुक्कर, जमलं तर हरिण. बायको डावखुरी आहे, तिलाही चालवता आली पाहिजे. आणि शेवटी सहज विचारल्यासारखं विचारलंय की एच-वन-बीवरचा मित्र सोबत आला तर तोही चार राऊंड मारू शकेल का. माझ्या मते यादीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे, त्याच्यावर खाली सविस्तर लिहितो.

मी टेक्सासमध्येच असतो, सॅन अँटोनिओच्या बाजूला. बरीच वर्षं रेंजवर सेफ्टी ऑफिसरचं काम करतोय, आपल्याकडच्या नवीन लोकांना शिकवतो, आणि हिवाळ्यात डुकरांच्या मागे असतो. म्हणून जे हातात वापरून पाहिलंय त्यावरूनच सांगतो.

आधी उत्तर देऊन टाकतो. घर आणि रेंज हे खरं काम असेल तर रुगर पीसी कार्बाइन घ्या, ९ एमएममध्ये, ग्लॉकचं मॅगझिन (राऊंड भरायची पेटी) चालणारी. शिकार खरंच करणार असाल, म्हणजे वर्षातून चार-पाच वेळा तरी रँचवर जाणार असाल, तर .३५७ मॅग्नमची लिव्हर ॲक्शन घ्या, म्हणजे हाताने लिव्हर ओढून दर वेळी राऊंड चढवायची रायफल. माझी स्वतःची आवडती दुसरी आहे, पण तुमचा प्रश्न वाचून पहिली आधी घ्या असंच म्हणेन. तिन्ही कामं एकाच ९ एमएम कार्बाइनने होतील हा विचार मात्र सोडा, कारण त्यात जनावराचे हाल होतात.

बहुतेक लोक ब्रँडपासून सुरू करतात, रुगर की सीझेड की केल-टेक, आणि तिथेच गाडी चुकते. बंदूक नंतर, आधी राऊंड ठरवायचा. पिस्तुलाचा राऊंड लांब बॅरलमधून (नळीतून) मारला की काय होतं हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. ९ एमएमच्या काडतुसात दारू थोडी असते आणि ती लवकर जळणारी असते, चार-पाच इंचाच्या बॅरलसाठीच बनवलेली. १६ इंचाच्या बॅरलमध्ये तिचा जोर पहिल्या १०-१२ इंचातच जवळजवळ संपतो, पुढे गोळी नुसती घसरत जाते. १२४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी पिस्तुलातून सेकंदाला साधारण १,१०० ते १,१५० फूट वेगाने निघते, कार्बाइनमधून १,२५० ते १,३००. फायदा आहे, पण दीडशे फुटांचा. १४७ ग्रेनच्या जड गोळीला आणि .४५ एसीपीला तर त्याहून कमी.

.३५७ मॅग्नमचं गणित वेगळं आहे. त्याचं काडतूस लांब, आत हळू जळणारी दारू जास्त, चार इंचाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तिला पूर्ण जळायला वेळच मिळत नाही, म्हणून तर तोंडाशी एवढा जाळ दिसतो. तीच १५८ ग्रेनची गोळी रिव्हॉल्व्हरमधून साधारण १,२५० फुटांनी निघते आणि १६-१८ इंचाच्या कार्बाइनमधून १,७०० ते १,८००. ऊर्जा काढली तर साडेपाचशे फूट-पाउंडावरून हजाराच्या वर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. .४४ मॅग्नमचंही असंच, फक्त सगळं आणखी मोठं, धक्कासुद्धा. बॅरलची लांबी मॅग्नमला जेवढं देते तेवढं ९ एमएमला देत नाही, माझं सगळं उत्तर या एका गोष्टीवर उभं आहे.

आता शिकार. टेक्सासमध्ये हरणासाठी रिमफायर (.२२ सारखं, बुडाच्या काठावर पेटणारं काडतूस) चालत नाही, सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर पेटणारं) असलं की कायद्याने चालतं, म्हणजे कागदावर ९ एमएमसुद्धा चालते. पण कायद्याने चालतं आणि करावं यात फरक आहे. ९ एमएमची हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ) गोळी माणसाच्या छातीचा विचार करून बनवलेली असते, लवकर फुलते आणि कमी खोल जाते. रानडुकराच्या मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कुर्च्यासारखा जाड थर असतो, त्याला इथे शील्ड म्हणतात. सोलताना सुरी त्यात अडकते तेव्हा कळतं की हे काय प्रकरण आहे. तिथे ९ एमएम लागली तर डुक्कर पळतं, मेस्कीटच्या काटेरी झुडपात शिरतं आणि दोन दिवसांनी मरतं. मी अशी जनावरं शोधायला गेलोय, ते बघवत नाही. पिंजऱ्यात अडकलेलं डुक्कर जवळून कानामागे मारायचं असेल तर ९ एमएम पुरते. मोकळ्या रानात, फीडरवर (जनावरांसाठी दाणे टाकणाऱ्या यंत्रापाशी), साठ यार्डावर, नाही.

.३५७ची लिव्हर ॲक्शन, १५८ किंवा १८० ग्रेनची जड, कडक गोळी, आणि अंतर ७५-८० यार्डाच्या आत, हे डुक्कर आणि टेक्सासचं व्हाइटटेल हरिण दोन्हीला पुरतं. शंभरच्या पुढे मी स्वतः मारत नाही, तिथे सरळ .३०८ किंवा ६.५ क्रीडमूरसारख्या मोठ्या राऊंडची रायफल काढा. आणि डुकराच्या बाबतीत एक शिकून घ्या, त्याचं हृदय हरणापेक्षा खाली आणि पुढे असतं. हरणासारखं खांद्याच्या मागे नेम धरलात तर गोळी पोटात जाते आणि जनावरही जातं, मांसही जातं. पुढच्या पायाच्या रेषेत, खालच्या एक तृतीयांशात नेम धरायचा. साफ करताना रबरी हातमोजे घालायचेच, रानडुकरांत ब्रुसेला असतो, हाताला कापलेलं असेल तर रक्तातून माणसाला येऊ शकतो. हे शिकवायला कोणी नसतं, म्हणून इथेच लिहून ठेवतो.

राज्य बदललं की सगळं बदलतं, हेही सांगायला हवं, कारण हे वाचणारे सगळे टेक्सासचे नसतील. ओहायोत २०१४ पासून हरणाला सरळ भिंतीच्या (तोंडाकडे निमुळत्या न होणाऱ्या) काडतुसाच्या रायफली चालतात, .३५७ आणि .४४ दोन्ही त्यात बसतात, तिथल्या माणसाला तर लिव्हर ॲक्शन हे सोपं उत्तर आहे. पेनसिल्व्हेनियात हरणाला सेमी-ऑटो, म्हणजे पुढचा राऊंड आपोआप चढणारी, रायफल चालत नाही आणि या ९ एमएम कार्बाइन तशाच असतात, म्हणजे ९ एमएमचा विषय तिथेच संपला. न्यू जर्सीत हरणाला रायफलच चालत नाही, शॉटगन, मझललोडर (तोंडाकडून भरायची बंदूक) किंवा धनुष्य. शिवाय तिथे रायफल विकत घ्यायला आधी पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागतं, मॅगझिन १० राऊंडांचं, आणि सेमी-ऑटोला थ्रेडेड (तोंडाला आटे पाडलेलं) बॅरल वगैरे गोष्टी मोजून बघाव्या लागतात. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या कुणी टेक्सासच्या माणसाचा सल्ला ऐकून ऑर्डर देऊ नये.

रेंजचं बोलू. इथे ९ एमएम बिनविरोध जिंकते आणि मुख्य कारण पैसा. साधा प्रॅक्टिसचा राऊंड पाव डॉलरच्या आसपास मिळतो, .३८ स्पेशल (.३५७ च्या बंदुकीतही चालणारा हलका राऊंड) साधारण दुप्पट, .३५७ त्याहून वर. शनिवारी दोनशे राऊंड मारायचे तर फरक लगेच कळतो, आणि जो जास्त मारतो तोच सुधारतो. दुसरं, शहरातल्या कितीतरी इनडोअर रेंजवर रायफलचे राऊंड चालत नाहीत पण पिस्तुलाच्या राऊंडची कार्बाइन चालते. डॅलसच्या उन्हात ऑगस्टमध्ये बाहेर उभं राहण्यापेक्षा हे बरं. आत जाताना ते राऊंडला लोहचुंबक लावून बघतात, स्टीलची गोळी किंवा केस निघाली की परत पाठवतात, तेव्हा पितळी केसचेच राऊंड घ्या. स्टीलच्या पाट्यांवर मारणार असाल तर पाट्या एआर-५०० च्या कडक स्टीलच्या असू द्या आणि १० यार्डाच्या आत उभं राहू नका, कार्बाइनला मी १५ म्हणतो. भंगारातली मऊ पत्र्याची प्लेट लटकवू नका, तिच्यात खड्डे पडतात आणि खड्ड्यातून गोळीचा तुकडा सरळ उलटा येतो. चष्मा सगळ्यांना, बघायला आलेल्यांनाही.

एक गोष्ट नवीन लोकांना चकित करते, ९ एमएमची कार्बाइन वाटते तेवढी मऊ नसते. कारण बहुतेक कार्बाइन ब्लोबॅकवर चालतात. म्हणजे बोल्ट कुठेही लॉक होत नाही, त्याला मागे जाण्यापासून फक्त त्याचं वजन आणि स्प्रिंग अडवतात. म्हणून बोल्ट मुद्दाम जड केलेला असतो, आणि ते जड धूड प्रत्येक राऊंडला मागे येऊन आपटतं. साध्या ब्लोबॅक ९ एमएमचा खांद्याला बसणारा धक्का एआर-१५ रायफलच्या .२२३ राऊंडएवढा वाटतो, कधीकधी जास्तच. रुगरने पीसी कार्बाइनच्या बोल्टमध्ये टंगस्टनचं एक सरकणारं वजन टाकलंय, ते अर्ध्या क्षणाने उशिरा आपटतं आणि धक्का पसरतो. हातात घेऊन मारल्यावर फरक कळतो, जाहिरात नाही ती. सिग एमपीएक्स गॅसवर चालते, हेकलर अँड कॉखची एसपी५ रोलरवर, दोन्ही फार गोड चालतात, पण तुमच्या बजेटच्या कितीतरी वर.

पीसी कार्बाइनच का, तर तुमच्याकडे ग्लॉक १९ आहे. डब्यात रुगरच्या मॅगझिनचा मॅगवेल (मॅगझिन बसतं तो भाग) लावलेला येतो आणि ग्लॉकचा वेगळा दिलेला असतो, तो बदलायचा की तुमची आहेत तीच मॅगझिनं दोन्हीत चालतात, १५ ची, १७ ची, ३३ ची लांब काठीसुद्धा. एकच राऊंड आणि एकच मॅगझिन दोन्ही बंदुकांत, ही कल्पना नवीन नाही, विंचेस्टर १८७३ आणि कोल्टचं रिव्हॉल्व्हर दोन्ही .४४-४० मध्ये घेणारे लोक याच टेक्सासात दीडशे वर्षांपूर्वी होते. डावखुऱ्या वहिनींसाठी बोल्टचा हँडल आणि मॅगझिनचं बटण दोन्ही डावीकडे फिरवता येतं. रिकाम्या केस मात्र उजवीकडेच उडतात, डाव्या खांद्यावरून मारताना तोंडावर थोडा धूर येतो, चष्मा असला की अडचण नाही. मधून दोन तुकडे होतात, बॅगेत बसते. जोडताना बोल्ट मागे लॉक करूनच जोडायची, फिरवून क्लिक झाली की पुढची रिंग हाताने घट्ट करायची. ती ढिली राहिली तर नेम भटकतो आणि लोक रेड डॉटला (लाल ठिपक्याने नेम दाखवणाऱ्या काचेला) शिव्या देतात. किंमत दुकानात सातशेच्या आत-बाहेर, उरलेल्या पैशात बरा रेड डॉट, स्लिंग (खांद्याचा पट्टा) आणि थोडे राऊंड होतात.

बाकीच्यांबद्दल पटकन. केल-टेक सब-२००० अर्ध्यात घडी होते, स्वस्त आहे, पण घडी वरून पडते म्हणून जुन्या मॉडेलवर ऑप्टिक नीट राहत नाही, आणि गालाला टोचते. स्मिथ अँड वेसनची एफपीसी बाजूला घडी होते, चांगली आहे, पण तिला त्यांच्याच एम अँड पी पिस्तुलाची मॅगझिनं लागतात, ग्लॉकची नाही. हाय-पॉइंट दिसायला ओबडधोबड, चालते मात्र, बजेट तीनशे असतं तर तीच सांगितली असती. सीझेड स्कॉर्पियन रेंजवर मजेशीर आहे, मॅगझिन तिचं स्वतःचं. बेरेटाचं पिस्तूल ज्याच्याकडे आहे त्याने सीएक्स४ बघावी. हेन्रीची होमस्टेडर लाकडाची, सुंदर, ग्लॉकच्या मॅगझिनसाठी ॲडॉप्टर मिळतो, पण खर्च वाढतो.

घरातलं संरक्षण. इथे लोक हमखास म्हणतात की ९ एमएम सुरक्षित, रायफल भिंतीतून आरपार जाते. आपली इथली घरं म्हणजे लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचा ड्रायवॉल (जिप्समचा बोर्ड), पुण्यातल्या विटांच्या भिंती डोक्यातून काढा. ९ एमएमची हॉलो पॉइंट ड्रायवॉलमधून जाताना तिच्या तोंडात जिप्सम भरतं, ती फुलत नाही आणि साध्या गोळीसारखी एकामागून एक भिंती पार करते. .२२३ ची हलकी गोळी उलट भिंतीला लागली की गडगडते, तुटते, वेग लवकर घालवते. म्हणजे भिंतीच्या बाबतीत ९ एमएम कार्बाइन जास्त सुरक्षित नाही, उलटच. सुरक्षित काय, तर मुलं कुठल्या खोलीत झोपतात आणि कुठल्या दिशेला कधीच मारायचं नाही हे दिवसा घरभर फिरून ठरवणं. दोघांनी मिळून करा हे, बंदूक न घेता.

मग कार्बाइनचा घरात फायदा काय? धरायला सोपी. पिस्तूल दोन हातांच्या टोकाला हलतं, कार्बाइन खांद्याला, गालाला आणि दोन्ही हातांना टेकलेली असते. घाबरलेल्या, झोपेतून उठलेल्या माणसाला पिस्तुलाने दहा यार्डावर नेम लागत नाही, कार्बाइनने लागतो. रेंजवर मी दर आठवड्याला बघतो, ज्या बाईंना पिस्तुलाने कागदावर मारायला त्रास होतो त्या पहिल्याच दिवशी कार्बाइनने एका वाटीएवढ्या जागेत पाच राऊंड घालतात. आवाज आणि जाळही १६ इंचातून .२२३ पेक्षा कितीतरी कमी, बंद खोलीत हे फार महत्त्वाचं, तरी कानाला इजा होणारच, १४० डेसिबलच्या वरच असतो. तोटा एवढाच की दाराच्या कोपऱ्यात लांबी अडते आणि एक हात फोनला किंवा मुलाला द्यायचा असेल तर पिस्तूलच बरं.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. रेड डॉट बॅरलच्या दीड-दोन इंच वर असतो. ५० यार्डावर झीरो केलीत, म्हणजे ठिपका आणि गोळी जुळवलीत, तर सात यार्डावर गोळी ठिपक्याच्या तेवढीच खाली लागते, म्हणजे घरातल्या अंतरावर थोडं वर धरायला लागतं. आणि शंभर यार्डावर ९ एमएम साधारण अर्धा फूट खाली पडलेली असते. रेंजवर ७, २५, ५० आणि १०० यार्डावर कागद लावून एकदा स्वतः बघा, लिहून ठेवा आणि तो कागद बॅगेत ठेवा. ज्याने हे केलंय तो माणूस लगेच ओळखू येतो.

घरी लहान मुलं आहेत, उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिने येणार, तेव्हा बंदूक कुलूपबंद असलीच पाहिजे. भरलेली बंदूक लहान मुलाच्या हाती लागेल अशी ठेवणं टेक्सासमध्येसुद्धा गुन्हा आहे. पटकन उघडणारी, बटणांची किंवा बोटांच्या ठशांची लॉकर घ्या, भिंतीला बोल्ट करा. दोन तुकड्यांची पीसी कार्बाइन त्यात छान बसते, पण तुकडे करून ठेवली तर गरजेला उपयोग नाही, म्हणून संरक्षणासाठी ठरवली असेल तर लांब लॉकर बघा.

आता माझी आवडती, थोडं मन मोकळं करतो. .३५७ची लिव्हर ॲक्शन. एकाच बंदुकीत .३८ स्पेशल घातलं की १५८ ग्रेनची गोळी आवाजाच्या वेगाखाली जाते, टक्क असा आवाज येतो, स्टीलचा ठण् आवाज त्याहून मोठा, मुलांना शिकवायला याच्यापेक्षा चांगलं काही नाही. त्याच बंदुकीत .३५७ घातलं की डुक्कर जागेवर पडतं. ती सेमी-ऑटो नाही, म्हणून सेमी-ऑटोवाल्या कायद्यांची कटकट जवळजवळ कुठल्याच राज्यात नाही, कॅलिफोर्निया, न्यू जर्सीतसुद्धा. लिव्हर दोन्ही हातांना सारखीच, डावखुऱ्यांनाही.

पण शिकावं लागतं. लिव्हर हळुवार ओढली तर अर्ध्यातच अडकते, राऊंड वाकडा चढतो. पूर्ण पुढे ढकलायची, थांबल्याचं मनगटाला जाणवलं पाहिजे, मग तेवढ्याच जोराने मागे. नवीन माणूस नेहमी बंदुकीवर दया दाखवतो आणि तिथेच जॅम होतो. सपाट तोंडाच्या वॉडकटर गोळ्या तिच्यातून नीट चढत नाहीत. नळीच्या मॅगझिनमध्ये एकामागे एक राऊंड असतात, म्हणून टोकदार कडक गोळी घालायची नाही, सपाट नाकाची किंवा त्यासाठीच बनवलेली मऊ टोकाची. भरपूर .३८ मारल्यावर चेंबरमध्ये काजळीची कडी बसते, .३५७ घालायच्या आधी ब्रशने साफ करायची, नाहीतर राऊंड अडकतो. आणि हे दोन्ही बंदुकांना लागू, राऊंडचा आवाज नेहमीसारखा न येता फुस्स आला तर तिथेच थांबा, बंदूक टार्गेटच्याच दिशेने ठेवा, रिकामी करा, बॅरल बघा. लांब बॅरलमध्ये कमजोर राऊंडची गोळी अडकून बसते आणि पुढचा राऊंड मारला की बॅरल फुगतं, हाताचंही नुकसान होतं.

कुठली घ्यायची? मार्लिन १८९४, आता रुगर बनवते, २०२० मध्ये रेमिंग्टनच्या दिवाळखोरीतून त्यांनी मार्लिन घेतली, काम पूर्वीपेक्षा उत्तम, पण तुमच्या हजारात बसणार नाही. हेन्री बिग बॉय हजाराच्या आसपास, ॲक्शन लोण्यासारखी. बजेट घट्ट असेल तर ब्राझीलची रॉसी आर९२, जॉन ब्राउनिंगच्या विंचेस्टर १८९२ ची नक्कल, हलकी आणि मजबूत, सातशे-आठशेत. फक्त तिची रिकामी केस वरून उडते म्हणून स्कोप लावायला त्रास, मार्लिन आणि हेन्रीची बाजूने उडते.

म्हणून माझा हिशेब असा: आत्ता पीसी कार्बाइन घ्या, सहा महिने मारा. रँचवर पहिल्यांदा जाल तेव्हा रँचवाल्याचीच रायफल मागून घ्या, बहुतेक देतात. शिकारीचं वेड लागलं तर पुढच्या वर्षी रॉसी घ्या. वेड नाही लागलं तर तुमचे सातशे वाचले.

आणि आता एच-वन-बीवरचा मित्र. उत्तर: हंटिंग लायसन्स नसेल तर नाही, एक राऊंडसुद्धा नाही. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा राऊंड बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. काही अपवाद आहेत आणि आपल्या लोकांना लागू होणारा एकच, कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. रेंजवर भाड्याने बंदूक घेणं, मित्राची हातात घेऊन मारणं, दोन्ही यात येतं. एच-वन-बी, एल-वन, विद्यार्थी, बी-टूवर आलेले आई-बाबा, सगळे. आणि इथे एक खोच आहे. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला लायसन्स लागत नाही, हे ऐकून लोक म्हणतात मग कशाला काढायचं. डुकरासाठी लागत नाही, पण एच-वन-बीवाल्याला बंदूक हातात धरण्यासाठी लागतं. शिवाय टेक्सासचं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, सप्टेंबरमध्ये नूतनीकरण विसरलं की तो माणूस बेकायदा. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीसाठी हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो, तो तुम्हीही करून घ्या.

मित्र पैसे देतो आणि तुम्ही तुमच्या नावावर त्याच्यासाठी घेता, हे तर कधीच नाही. दुकानातला फॉर्म ४४७३ भरताना खरा खरेदीदार तुम्हीच आहात अशी सही करता, खोटी असेल तर फेडरल गुन्हा. तुमचं ग्रीन कार्ड आहे, तुम्हाला विकत घ्यायला पूर्ण मुभा आहे, फॉर्मवर ए-नंबर (ग्रीन कार्डावरचा नंबर) लिहायचा, पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर ग्रीन कार्ड असूनही देशाबाहेर काढू शकतात. एवढं सगळं मित्राच्या चार राऊंडसाठी घालवू नका. आखूड बॅरलचा मोहही आवरा, १६ इंचाच्या आतलं बॅरल किंवा एकूण लांबी २६ इंचाच्या आत आली की ती शॉर्ट बॅरल रायफल होते. १ जानेवारी २०२६ पासून तिच्यावरचा दोनशे डॉलरचा टॅक्स शून्य झालाय, पण नोंदणी आणि मंजुरी अजूनही आधीच लागते.

एक शेवटचं, भारतात जाणाऱ्यांसाठी. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती कधीही प्रवासाला वापरू नका. बॅकपॅकच्या तळाशी विसरलेला एक राऊंड मुंबईला स्कॅनरमध्ये दिसला की आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि ९ एमएम भारतात प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेला, आहे. नकळत राहिला हे सिद्ध करून सुटतात लोक, पण हायकोर्टापर्यंत जावं लागतं आणि पासपोर्ट अडकतो. जाकिटाचे खिसे, गाडीच्या सीटखाली, मुलांची बॅग, सगळं निघायच्या आदल्या रात्री उलटं करून झटका. रँचवर फीडर किती यार्डावर आहे ते कळलं की मला सांगा, राऊंड आणि गोळीचं वजन त्यावरून नक्की सांगतो.